हात घालायच्या आधी

'द मशिनिस्ट' या सिनेमातलं वेड न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर दिसायला लागतं. ट्रेवर रेझनिक हा कारखान्यात मशीन चालवणारा माणूस काट्यावर उभा राहतो, आलेला आकडा पिवळ्या चिठ्ठीवर लिहितो आणि ती चिठ्ठी भिंतीवर आधीच्या चिठ्ठ्यांच्या रांगेत चिकटवतो. आकडा दर वेळी खाली आलेला असतो. तो घाबरत नाही, डॉक्टरकडे जायचा विचारही करत नाही. नोंद झाली, काम झालं. वर्षभर आपण झोपलेलो नाही, असं तो सांगतो. फरशी मात्र टूथब्रशने घासतो, हात ब्लीचने धुतो, ड्युटीवर वेळेत हजर असतो. पडद्यावर वेडी माणसं पुष्कळ पाहिली, पण इतकं टापटीप वेड पाहिलं नव्हतं, आणि म्हणूनच ते अंगावर आलं.

सिनेमा 2004 सालचा. दिग्दर्शक ब्रॅड अँडरसन, लेखक स्कॉट कोसार. अमेरिकेत पैसा उभा राहिना म्हणून तो स्पेनमधल्या निर्मात्यांनी केला आणि चित्रीकरण बार्सिलोना आणि आसपास झालं. गोष्ट घडते कॅलिफोर्नियात. त्यामुळे पडद्यावरचं शहर नेमकं कुठलंच वाटत नाही. पत्र्याच्या शेड, तारेचं कुंपण, कामाच्या वेळेखेरीज माणूस न दिसणारे रस्ते, सगळ्यावर एक हिरवट-राखाडी छटा. मी भोसरीत वाढले, एमआयडीसीच्या अगदी कडेला. औद्योगिक वसाहती जगात कुठेही बऱ्यापैकी सारख्याच दिसत असाव्यात, कारण ते रस्ते मला परके वाटले नाहीत.

या सिनेमाची चर्चा निघाली की ती ट्रेवर झालेल्या क्रिस्टियन बेलच्या वजनावर येऊन थांबते. सहा फूट उंचीच्या या नटाने भूमिकेसाठी जवळपास 28 किलो वजन उतरवलं, दिवसाला एक सफरचंद आणि एक डबा ट्यूना मासा एवढ्यावर दिवस काढले आणि लगेच पुढच्या बॅटमॅनसाठी ते सगळं वजन परत चढवलं, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या पाठीचे मणके आणि बरगड्या पाहवत नाहीत हे खरं. पण त्या कौतुकात सिनेमा बाजूला राहतो. बेलची खरी कमाल त्याच्या डोळ्यांत आहे. ते डोळे सतत कशावर तरी खिळलेले असतात आणि तरी समोरचं त्यांना दिसत नसतं. हे डोळे मी घरात पाहिलेत.

अण्णा, म्हणजे माझे वडील, टर्नर होते. मोठ्या गाड्यांच्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणारं एक लहान वर्कशॉप, तिथे लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून कातणाऱ्या यंत्रावर. पाळ्या तीन आणि दर आठवड्याला बदलणाऱ्या. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात घराचे कायदे बदलायचे. अण्णा सकाळी साडेसातला येऊन अंघोळ करून आडवे व्हायचे. दीड खोलीचं घर, त्यात झोपायची जागा एकच. आई खिडकीवर गोधडी टांगायची. मिक्सर दुपारी तीनच्या आत लावायचा नाही, भांडी घासायची नाहीत, फोडणी द्यायची झाली तरी दार लोटून. आम्ही भावंडं जिन्यात बसून अभ्यास करायचो. बाजूच्या घरातल्या काकू टीव्हीचा आवाज आपणहून कमी करायच्या, कारण त्यांच्याकडेही पुढच्या आठवड्यात तिसरी पाळी असायची. एवढं करूनही भाजीवाला ओरडत जायचा, कुणाच्या तरी लग्नाची वरात निघायची, पत्रा तापायचा. साडेअकरा-बाराच्या सुमाराला अण्णा उठून बसलेले असायचे. काही बोलायचे नाहीत. भिंतीकडे बघत बसायचे, हाक मारली तर थोड्या वेळाने ओ द्यायचे.

ट्रेवर रात्री मधेच विमानतळावरच्या कॅफेत जाऊन बसतो, तेव्हा त्याची बसण्याची पद्धत अगदी हीच आहे.

(इथून पुढे सिनेमाचा शेवटही येणार आहे. पाहायचा असेल त्यांनी आधी पाहून यावं.)

गोष्ट साधी सुरू होते. कारखान्याच्या आवारात ट्रेवरला एक धिप्पाड, टकला माणूस भेटतो. नाव आयव्हन. म्हणतो, रेनल्ड्सच्या जागी आलोय, वेल्डर आहे. त्याच्या एका हाताची बोटं गेलेली आहेत आणि अंगठ्याच्या जागी पायाचा अंगठा बसवलेला आहे. पुढे एकदा मिलर नावाचा सहकारी बंद मशीनमध्ये हात घालून काहीतरी जुळवत असतो आणि ट्रेवर मदतीला उभा असतो. त्याची नजर पलीकडे काम करणाऱ्या आयव्हनकडे जाते, आयव्हन त्याला खूण करतो, आणि त्या भानगडीत ट्रेवरचं अंग मागच्या बटणाला लागतं. मशीन सुरू होतं. मिलरचा हात जातो.

चौकशीत ट्रेवर सांगतो, माझं लक्ष आयव्हनने विचलित केलं. समोरचे एकमेकांकडे बघतात. आयव्हन नावाचा माणूस या कारखान्यात नाही. रेनल्ड्स तर आपल्या जागेवर काम करतोय.

इथून पुढचा तासभर पटकथेने जे केलंय ते मला फार मोलाचं वाटतं. ट्रेवर पुरावे गोळा करायला लागतो. फ्रिजवर कुणीतरी चिठ्ठी चिकटवलेली असते, तिच्यावर फाशी दिलेल्या माणसाचं रेखाचित्र आणि अक्षरं ओळखायचा खेळ. शेवटची दोन अक्षरं भरलेली, बाकीची रिकामी. तो त्यात नावं बसवून बघतो. सुपरवायझर टकरचं बसतं. मिलरचंही बसतं. म्हणजे मिलर सूड घेतोय. आयव्हनच्या पाकिटात एक फोटो सापडतो, मासे पकडायला गेलेले आयव्हन आणि रेनल्ड्स. म्हणजे रेनल्ड्स खोटं बोलतोय, सगळे कामगार मिळालेले आहेत. आयव्हनच्या लाल गाडीचा नंबर तो टिपतो. पोलिसांनी नंबर शोधून द्यावा म्हणून स्वतःला एका धावत्या गाडीखाली झोकून देतो आणि ठाण्यात जाऊन सांगतो, मला या नंबरच्या गाडीने उडवलं. पोलीस नंबर तपासतात. गाडी त्याच्याच नावावर निघते.

या साखळीतली एकही कडी वेडगळ नाही. चिठ्ठी खरी आहे, फोटो खरा आहे, नंबर खरा आहे. त्यांच्यापासून काढलेला निष्कर्षही प्रत्येक टप्प्यावर पटण्यासारखा आहे. चिठ्ठ्या त्यानेच लावल्यात आणि फोटोतला तो दुसरा माणूस वर्षभरापूर्वीचा, अंगाने भरलेला ट्रेवरच आहे, एवढंच त्याला ठाऊक नाही. आपल्याकडे 'डोकं चालेनासं झालं' म्हणतात. ट्रेवरचं डोकं थांबलेलं नाही. ते गरजेपेक्षा जास्त चालतंय, दिसेल त्या गोष्टीचा दुसऱ्या गोष्टीशी संबंध जोडतंय, आणि ते थांबवणारी झोपच गेलेली आहे.

सलग वर्षभर माणूस झोपेविना राहू शकत नाही, हे उघड आहे. पण थोड्या दिवसांतही काय होतं हे माणसांनी करून पाहिलंय. जानेवारी 1959 मध्ये पीटर ट्रिप हा न्यूयॉर्कचा रेडिओ निवेदक एका देणगी मोहिमेसाठी टाइम्स स्क्वेअरमध्ये काचेच्या खोलीत बसून 201 तास जागा राहिला. रोज ठरल्या वेळी तो कार्यक्रम सादर करायचा आणि ऐकणाऱ्याला फारसा फरक जाणवायचा नाही. कार्यक्रम संपला की त्याला बुटांत कोळी दिसायचे. शेवटच्या दिवशी तपासायला आलेला डॉक्टर त्याला आपल्याला पुरायला आलेला माणूस वाटला आणि तो पळत सुटला. 1963 च्या अखेरीस आणि 1964 च्या सुरुवातीला सॅन दिएगोतल्या रँडी गार्डनर या सतरा वर्षांच्या मुलाने शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी 264 तास जागून काढले. झोपेचे संशोधक विल्यम डिमेंट त्याच्या सोबतीला होते. ट्रिपइतकं त्याचं बिघडलं नाही, पण चिडचिड, विसरणं, मधेच भास, हे त्यालाही झालं.

ट्रिपची गोष्ट मला जास्त भिववते ती त्या रोजच्या कार्यक्रमामुळे. काम चालू होतं. कामाच्या वेळी माणूस ठीक दिसत होता. कारखान्यात माणसाकडे बघितलं जातं ते नेमकं तेवढ्याच वेळात.

पाळीवाल्यांचं जागरण असं एकदम होत नाही, ते थोडं थोडं साठत जातं. रात्र आणि दिवस उलटे केले की शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासभर सरकतं. म्हणजे आठवडा संपता संपता ते कुठे रात्रपाळीला रुळायला लागतं, तोच सोमवारी पहिली पाळी लागते. दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा कमी भरते आणि कच्ची असते. मग पहाटे तीन-चारच्या सुमाराला मेंदू स्वतःच दोन-चार सेकंदांची रजा घेतो. डोळे उघडे असतात, हातही हलत असतो, माणूस मात्र तिथे नसतो. 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने शरीराचं घड्याळ बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं आणि 2019 मध्ये रात्रपाळीबद्दल पुन्हा तेच सांगितलं. भोसरीतल्या बायकांनी हे सगळं कुठे वाचलेलं नव्हतं. आई एवढंच म्हणायची, "तिसरीच्या आठवड्यात ह्यांच्याशी पैशाचं काही बोलायचं नाही." घरातला कुठलाही महत्त्वाचा निर्णय पहिल्या पाळीच्या आठवड्यापर्यंत थांबायचा.

अण्णांच्या वर्कशॉपमध्ये एक ऑपरेटर होते. आम्ही त्यांना मामा म्हणायचो, आईच्या गावाकडचे म्हणून. त्यांनी सलग काही महिने रात्रपाळी मागून घेतली होती, कारण रात्रपाळीला भत्ता मिळायचा आणि बहिणीचं लग्न काढलं होतं. वर ओव्हरटाइम. हळूहळू ते अण्णांना सांगायला लागले, माझा व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं अवजार) कुणीतरी बदलतं. माप घेतो तेव्हा बरोबर येतं, तपासणीला गेलं की जॉब (बनवलेला भाग) रिजेक्ट होतो. मग ते व्हर्नियर डब्यात, रुमालात गुंडाळून ठेवायला लागले. पुढे त्यांनी एक वही केली. जॉब, वेळ, आपलं माप, तपासणीचं माप, त्या वेळी आजूबाजूला कोण होतं, सगळं तीत. आमच्या घरी ती वही त्यांनी अण्णांना दाखवली तेव्हा मीही पाहिली. सुंदर अक्षर, पट्टीने आखलेले रकाने. चहा गार होईपर्यंत ते एकेका नोंदीवर बोट ठेवून समजावत होते, अमका माणूस पाळीवर असला की रिजेक्शन वाढतं. अण्णा सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "पाव्हणं, आठ दिवस गावाकडं जाऊन या." मामा उठून गेले. अण्णाही त्या लोकांना मिळालेत असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यानंतर ते आमच्याकडे आले नाहीत.

त्यांना कामावरून काढलं ते रिजेक्शन वाढलं म्हणून. गावाकडे गेल्यावर ते बरेचसे सावरले, शेती बघतात, एवढं पुढे कानावर आलं. पिवळ्या चिठ्ठ्यांची रांग पडद्यावर आली तेव्हा मला ती वही आठवली.

ट्रेवरच्या कारखान्यातही साहेब त्याला बोलावून घेतात. पूर्वी किती धडधाकट होतास, आता हे काय, असं म्हणतात, आणि विचारतात काय, तर नशापाणी करतोस का? व्यवस्थेला एवढा एकच प्रश्न विचारता येतो, कारण त्याचं उत्तर लघवीच्या बाटलीत मिळतं. झोपतोस का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. सहकारी त्याला टाळतात. पत्त्यांच्या डावाला तो पूर्वी यायचा, आता येत नाही, एवढं ते बोलून दाखवतात. त्याची विचारपूस करणाऱ्या बायका दोनच. एक स्टीव्ही, जिच्याकडे तो पैसे देऊन जातो, आणि दुसरी विमानतळावरच्या कॅफेतली मरी. दोघी त्याला एकच वाक्य म्हणतात, याहून बारीक झालास तर तू उरणारच नाहीस. पहिल्यांदा ते वाक्य मायेचं वाटतं. दुसऱ्यांदा तेच शब्द ऐकल्यावर पोटात गोळा येतो, कारण दोन वेगवेगळी माणसं अक्षरशः एकसारखं बोलत नाहीत. यांतली एक कुणीतरी त्याच्या डोक्यातच आहे.

ती मरी निघते. कॅफेतली दुसरी वाढपी त्याला सांगते, इतक्या रात्री मीच तुला कॉफी आणून देतेय, तू माझ्याशी कधी चकार शब्द बोललेला नाहीस. जेनिफर जेसन लीची स्टीव्ही खरी आहे आणि तिची माया खरी आहे. पण ट्रेवर तिच्या घरातला तोच फोटो बघून तिलाही कटात सामील ठरवतो आणि तिचं घर सोडून जातो. पूर्ण सिनेमातला मला सर्वांत असह्य झालेला प्रसंग हा. मिलरच्या रक्तापेक्षा जास्त. वेडाच्या वाटेवर आपल्याला धरून ठेवू शकणारा शेवटचा हात कुठला, हे त्या माणसाला ओळखता येत नाही.

मग उत्तर येतं. वर्षभरापूर्वी ट्रेवर गाडी चालवत होता. सिगारेट पेटवायला गाडीतल्या लायटरकडे बघितलं, तेवढ्यात एका लहान मुलाला उडवलं. मुलाची आई धावत आली. ती आई म्हणजे त्याच्या मनातली मरी. घड्याळात दीड वाजला होता. ट्रेवर पळाला, गाडीची विल्हेवाट लावली आणि त्या दिवसापासून झोप गेली. दीडची वेळ त्याच्या घड्याळांत पुन्हा पुन्हा येते. चिठ्ठीवरचा शब्द 'खुनी' या अर्थाचा निघतो. आयव्हन म्हणजे तोच, अपराध करून पळालेला, धष्टपुष्ट, हसणारा. शेवटी ट्रेवर पोलीस ठाण्यात जाऊन कबुली देतो, कोठडीत बाकावर आडवा होतो आणि झोपतो.

पटकथालेखकाने या गोष्टीची वंशावळ लपवलेली नाही. ट्रेवरच्या हातात रशियन लेखक दस्तयेवस्कीचं 'द इडियट' दिसतं. त्या कादंबरीच्या नायकाला फेफरं येतं, आणि ट्रेवरच्या कल्पनेतला मरीचा मुलगा जत्रेतल्या अंधाऱ्या बोगद्यातल्या गाडीत फेफरं येऊन कोसळतो. तोतया जुळा येऊन आपली जागा बळकावतो ही कल्पनाही दस्तयेवस्कीच्या 1846 मधल्या 'द डबल'मधल्या कारकुनाची. पण मला त्याच्याही आधीचा माणूस जवळचा वाटतो, गोगोलच्या 'वेड्याची रोजनिशी'तला. 1835 मध्ये छापलेली ही गोष्ट. पीटर्सबर्गच्या एका कचेरीत साहेबांच्या लेखण्यांना टोक करून देणारा कारकून, साहेबांच्या मुलीवर जीव जडलेला. स्पेनची गादी रिकामी आहे, असं तो वर्तमानपत्रात वाचतो. 1833 मध्ये स्पेनचा राजा सातवा फर्दिनांद वारल्यावर वारसाचा तंटा खरोखरच पेटला होता. कारकून विचार करतो, गादी रिकामी कशी असेल? राजा असणारच, कुठेतरी लपलेला असणार. आणि एके दिवशी त्याला कळतं की तो राजा आपणच. त्या दिवसाची नोंद आहे 2000 साल, 43 एप्रिल. त्याचं वेड आधी तारखेत उतरतं, ट्रेवरचं घड्याळात. ज्यांचा वेळ दुसऱ्याने विकत घेतलेला असतो, त्यांच्या वेडाने पहिला घाव वेळेवर घालावा हे मला फार खरं वाटतं.

गोगोलच्या कारकुनाने काही गुन्हा केलेला नाही. त्याला वेड लागतं ते पायरीपायरीच्या नोकरशाहीत तो खालच्या पायरीवर आहे म्हणून, मुलगी आणि मोठेपण दोन्ही वरच्या पायरीवरच्यांनी आधीच घेतलेलं आहे म्हणून. 'द मशिनिस्ट'ने तिथे वेगळी वाट धरली आणि माझं या सिनेमाशी भांडण आहे ते इथेच. दीड तास आपण कारखाना बघतो, तेलकट जमीन, उघडी फिरणारी यंत्रं, एक माणूस सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झिजताना. आणि उत्तर मिळतं की या सगळ्याचा कारखान्याशी काही संबंध नव्हता, त्याच्या मनात पाप होतं. झोप गेली ती अपराधामुळे. मिलरचा हात गेला तोही त्या अपराधाच्या सावलीमुळे. गोष्ट म्हणून हे चपखल बसतं, गुप्तहेरकथेसारखा शेवट मिटतो. पण आमच्या गल्लीतल्या कुणीही कुणाच्या मुलाला गाडीखाली घातलं नव्हतं. गाडीच नव्हती कुणाकडे. तरी झोप नव्हती, आणि तरी व्हर्नियर बदलत होते.

निवृत्त झाल्यावर अण्णांना मी हा सिनेमा दाखवला. इंग्रजी संवाद मी मधे मधे समजावून सांगत होते. आयव्हन कोण, हे त्यांनी फार लवकर ओळखलं आणि त्यात त्यांना विशेष काही वाटलं नाही. मिलरच्या अपघाताला मात्र त्यांनी सिनेमा थांबवायला लावला. मागे घे, म्हणाले. पुन्हा बघितलं. मग बोटाने पडद्यावर दाखवत म्हणाले, "ह्यात त्या पोराची काय चूक? नुसतं अंग लागलं म्हणून मशीन सुरू होतंय. हात घालायच्या आधी फ्यूज काढून खिशात घालायचा असतो. फ्यूज ज्याचा हात आत आहे त्याच्या खिशात. मग मागं कुणी नाचलं तरी सुरू होणार नाही."

मला हे काही सुचलं नव्हतं. मी ट्रेवरचा चेहरा बघत होते, अण्णा बटण बघत होते.

ते म्हणाले ती पद्धत अमेरिकेत 1989 पासून लेखी नियम आहे. दुरुस्तीसाठी यंत्रात हात घालणाऱ्याने वीजपुरवठा तोडायचा, त्यावर स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःजवळ ठेवायची. आपल्याकडे 1948 च्या कारखाने कायद्यात, कलम 21 मध्ये, फिरत्या भागांना आडोसा हवा हे आलंच होतं. तरी वाहनांच्या सुट्या भागांच्या उद्योगात पॉवर प्रेसवर बोटं जात राहिली. 'सेफ इन इंडिया' ही संस्था 2019 पासून दर वर्षी 'क्रश्ड' नावाचा अहवाल काढते, त्यात हीच माणसं भेटतात. गेलेल्या बोटांचा हिशेब तर शंभर वर्षांपूर्वीच करून ठेवलेला आहे. 1923 च्या नुकसानभरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात तक्ता होता. खांद्याच्या सांध्यातून हात गेला तर कमाईची ताकद 90 टक्के गेली असं धरायचं. एका हाताची चारही बोटं गेली तर 50 टक्के, अंगठा गेला तर 30. मिलरच्या वाट्याला त्या तक्त्यात एक ओळ आहे. ट्रेवरच्या वाट्याला नाही. मामांच्या वाट्यालाही नाही. मन कामावर झिजलं तर किती टक्के, हे त्यात कुठे बघायचं?

सिनेमा पुढे चालू झाल्यावर अण्णा ट्रेवरची बाजू घेऊनच बोलत होते. कामावरच्यांनी त्याला वाळीत टाकल्यावर चिडले. "घरी जाऊन बघायला पायजे होतं कुणीतरी," म्हणाले. कोठडीतल्या शेवटाला त्यांनी मान हलवली, झोपला ते बरं झालं म्हणाले. मग मला फ्यूजची गोष्ट सांगितली. त्यातली अर्धी मला माहीत होती, कारण ती आमच्या मोरीत घडली होती.

रात्रपाळी संपता संपता मशीनच्या हेडस्टॉकमध्ये, म्हणजे जॉब धरून फिरवणाऱ्या भागात, काहीतरी अडकलं. अण्णांनी तिन्ही फ्यूज काढले, चिनी मातीचे, पांढरे, आणि पँटच्या खिशात टाकले. काम अर्धवट राहिलं. पाळी संपली तशी उरलेलं पहिल्या पाळीवर सोपवून ते झोपेच्या तारेत घरी आले, कपडे टाकून आडवे झाले. आईने पँट भिजवायला घेतली तर खिशात हे. ती ते हातात घेऊन बघतेय तोवर वर्कशॉपचा हेल्पर सायकल हाणत दारात हजर. मशीन बंद, मालक बोंबलतोय, फ्यूज कुठायत? अण्णांना उठवावं लागलं. हेल्परबरोबर ते स्वतः परत गेले, कारण आतलं काम अर्धवट होतं आणि नुसते फ्यूज धाडले असते तर कुणीतरी न बघता मशीन चालू केलं असतं. ते करून यायला दुपार झाली. त्या दिवशीची झोप गेली ती गेलीच, रात्री पुन्हा पाळी.

मालकाने पुढे फर्मान काढलं की कुणी फ्यूज काढायचे नाहीत, वेळ जातो. ऑपरेटर मंडळींनी ते ऐकलं नाही. त्यांनी आपसात ठरवलं की पाळी बदलताना फ्यूज पुढच्याच्या हातात द्यायचे, आत काय अडकलंय ते तोंडाने सांगायचं, आणि मगच कार्ड पंच करायचं. अण्णा निवृत्त होईपर्यंत तिथल्या लेथवर हे असंच चालू होतं.